आडवी बाटली: घरी बसलेल्या बाईचं मत कुणाच्या खात्यात धरायचं?

कोयनाकाठची

विषय मोठा आहे त्यामुळे धागा लांबेल, आधीच सांगते.

गावातलं दारूचं दुकान मतदान घेऊन बंद करता येतं हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं, उभी बाटली आडवी बाटली म्हणून. नियम काय आहे ते मात्र फार कमी जणांनी नीट वाचलंय. मार्च २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी) सह्यांचं निवेदन द्यायचं, मग त्या सह्यांची पडताळणी होते, सह्या खऱ्या निघाल्या की जिल्हाधिकारी गुप्त मतदानाचा आदेश देतात. मतपत्रिकेवर दोनच चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. इथपर्यंत सगळं छान आहे आणि मला या नियमाचा अभिमानच आहे, कारण एखाद्या प्रश्नावर थेट बायकांचं मत घेऊन ते पाळायचं असं आपल्या राज्यात दुसरं कुठे होतं सांगा.

पण पुढची ओळ वाचा. दुकान बंद व्हायला ५० टक्क्यांपेक्षा जास्त मतं लागतात ती *झालेल्या मतांपैकी नाही, मतदार यादीतल्या एकूण नावांपैकी.* म्हणजे समजा यादीत १००० बायका आहेत, त्यातल्या ६२० मतदानाला आल्या, ४८० जणींनी आडवी बाटली केली, १३० जणींनी उभी आणि १० मतं बाद. कुणीही म्हणेल आडवी जिंकली. नाही. ५०१ पाहिजेत, ४८० आहेत, दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतं. वर दुकानाच्या दारात फटाके वाजतात ते वेगळंच.

मग उरलेल्या ३८० कोण? आमच्या भागात सांगते. काही वारलेल्या आहेत, नावं कुणी काढली नाहीत. काही लेकी लग्न होऊन सासरी गेल्या, नाव माहेरच्या यादीत तसंच. निम्म्या मुंबईला, घाटकोपर नि नव्या मुंबईला नवऱ्यासोबत. या सगळ्यांचं मत नियमाने दुकानाच्या बाजूला धरलं जातं. वारलेल्या बाईचं मतसुद्धा दारूच्या दुकानाला, हे मला काही केल्या पटत नाही.

आणि यातला सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. दुकानाच्या बाजूने असणाऱ्याला मतदानाला जायची गरजच नाही, घरी बसलं तरी काम होतं. म्हणून दुकानवाल्यांचा प्रचार "उभीला मत द्या" असा नसतोच, "जाऊच नका" असा असतो. मग जी बाई शाळेच्या दिशेने निघाली ती आडवी करायलाच निघाली हे सगळ्या गावाला कळतं. आमच्याकडे मतदानाच्या दिवशी शाळेसमोरच्या पारावर सकाळपासून माणसं बसून होती, कुणी कुणाला काही बोललं नाही, नुसतं कोण कोण आत जातंय ते बघत होती. एक बाई फाटकापर्यंत आली, पारावर दीर बसलेला दिसला आणि डोक्यावरचा पदर सारखा करून तशीच पुढे दुकानात साखर आणायला गेल्यासारखी निघून गेली. मतपत्रिका गुप्त, पण बूथवर जाणंच उघड. मग गुप्त मतदानाला अर्थ काय राहिला?

मला या नियमात बदल मागणारं निवेदन तयार करायचंय. दारूबंदी चांगली की वाईट यावर इथे आधी भरपूर धागे झालेत, ती चर्चा कृपया तिथे. इथे फक्त अर्ज, सह्या आणि मतमोजणीचे नियम.

---

आकडेमोड

ताई, पारावरचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, याकडे मी कधी असं बघितलंच नव्हतं.

जरा हिशोब मांडतो. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात साधारण ६६ टक्के मतदान झालं आणि ते खूप चांगलं मतदान मानलं गेलं. तेवढ्या बायका जरी आडवी बाटलीच्या मतदानाला आल्या तरी दुकान बंद व्हायला आलेल्यांपैकी ७६ टक्के मतं आडवीला पडायला हवीत. मुंबई महापालिकेला २०१७ मध्ये जेमतेम ५५ टक्के मतदान झालं होतं, तेवढंच धरलं तर दहातल्या नऊ जणी आडवीच्या बाजूने पाहिजेत. आणि निम्म्यापेक्षा कमी आल्या तर शंभर टक्के मतं आडवीला पडली तरी उपयोग शून्य. आमदार, खासदार कुणालाच ही अट नाही. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्मी मतं मिळवून निवडून आलेले आमदार मोजकेच सापडतील.

घरी बसवण्याचा डाव फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. इटलीत जनमताला ५० टक्के मतदानाची अट आहे, तिथे जून २०२५ मध्ये पाच प्रश्नांवर मतदान होतं, त्या प्रस्तावांना विरोध असणाऱ्यांनी सरळ लोकांना घरी बसायला सांगितलं, मतदान ३० टक्क्यांच्या आसपास झालं आणि सगळं रद्द. अट अशी ठेवली की डाव आपोआप असाच खेळला जातो.

---

सडेतोड

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या मामाचं देशी दारूचं लायसन्स आहे, सीएल-३, आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी काढायला नको. सरकारने लायसन्स दिलं, दरवर्षी फी भरतो, चार कामगार आहेत, त्यांची घरं आहेत. एखाद्या गावात भांडण झालं, कुणी तरी पिऊन मेलं, लोक चिडले, तापल्या तव्यावर मतदान घेतलं, तीनशे बायका आल्या आणि दीडशे-एक मतांनी वीस वर्षांचा धंदा बंद. हे बरोबर आहे का? कोणाचं तरी कायमचं बंद करायचं तर अट कडक असायलाच पाहिजे.

दुसरं, शेजारच्या गावातला परमिट रूमवालाच कधी कधी आंदोलनाला पैसे पुरवतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे जावं म्हणून. हेही होतं, डोळ्याने बघितलंय. आणि दुकान बंद झालं की हातभट्टी सुरू होते ते वेगळं, पण ताईंनी तो विषय काढू नका म्हटलंय म्हणून थांबतो.

---

कोयनाकाठची

@सडेतोड दादा, तुम्ही उघडपणे सांगितलंत ते बरं केलंत. तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, तीनशेपैकी दीडशे-एक बायकांनी हजारांच्या गावाचा निर्णय करावा असं मलाही वाटत नाही. पण त्यावर उपाय म्हणून वारलेल्या नि परगावी गेलेल्या बायकांची मतं एका बाजूला घालणं हा कसा काय? किमान किती जणींनी "बंद" म्हणायला हवं ते ठरवा, ती अट मान्य. पण दुकान चालू राहावं असं वाटणाऱ्यांनाही शाळेपर्यंत चालत येऊन मत द्यावं लागेल अशी अट पाहिजे. दोन्हीकडच्या बायका बूथवर यायला लागल्या की पारावर बसून काही कळणार नाही.

---

ऊसपट्टा

बीडहून लिहितेय. शिक्षिका आहे. यादीत आमच्याकडची भर घाला.

दिवाळीच्या आसपास निम्मी गावं ऊसतोडीला जातात, कोयता म्हणजे नवरा-बायको जोडीने जातं, परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. दारूचा त्रास सगळ्यात जास्त ज्या घरांत आहे ती हीच घरं. उचल घेतलेली असते त्यातली किती दुकानात जाते ते विचारू नका. आणि मतदान डिसेंबर-जानेवारीत लागलं तर या बायका गावातच नाहीत, म्हणजे त्यांची सगळी मतं उभी बाटलीला! ज्यांच्यासाठी नियम केला त्याच बायका दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. तारीख कोण ठरवतं, कधी ठरवतं, याला काही मुदतच दिसत नाही. सह्या दिल्या जुलैत आणि मतदान लागलं हंगामात असं झालं तर काय करायचं?

निवेदनात हे नक्की लिहा: अर्ज आल्यापासून अमुक दिवसांत पडताळणी, त्यानंतर अमुक दिवसांत मतदान, आणि स्थलांतराच्या हंगामात मतदान नाही.

---

सातबारा

महसूल खात्यातून निवृत्त झालोय, अशी दोन मतदानं जवळून बघितलीत. थोडा खुलासा करतो.

अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे, पडताळणी राज्य उत्पादन शुल्कवाले करतात, मतदान तहसीलदार घेतात. तीन कार्यालयं आहेत म्हणून फाइल फिरत राहते. कुणी मुद्दाम अडवतं असं प्रत्येक वेळी नाही, निवडणुका, अतिवृष्टीचे पंचनामे, जनगणना असं काही ना काही तहसीलला चालूच असतं आणि ज्या कामाला कायद्याने तारीख नाही ते काम मागे पडतं. म्हणून @ऊसपट्टा ताईंची मुदतीची मागणी मला सगळ्यात व्यवहार्य वाटते.

दुसरी गोष्ट, हा २००८ चा नियम म्हणजे दारूबंदी अधिनियम १९४९ खाली सरकारने काढलेला आदेश आहे. त्यामुळे मतमोजणीची अट बदलायला विधिमंडळात कायदा दुरुस्त करत बसायची गरज नाही, सरकारने मनात आणलं तर अधिसूचना काढून बदलता येईल. निवेदन कुणाला द्यायचं ते यावरून ठरवा. आमदारांना प्रत जरूर द्या, प्रश्न विचारायला उपयोग होतो, पण खरा पत्ता उत्पादन शुल्क खात्याचा.

यादीच्या निम्म्याची अट का ठेवली असेल? माझा अंदाज, कोर्टात टिकावं म्हणून. परवाना रद्द झाला की मालक कोर्टात जाणारच, तिथे "गावातल्या बहुसंख्य महिलांनी" असं म्हणता यावं.

---

मांडवीतीर

पणजीहून. तुमच्या यादीच्या निम्म्याच्या अटीवरून एक गोष्ट आठवली आणि आकडे काढून बघितले तर थक्क झालो.

१६ जानेवारी १९६७ चा आमचा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा. तेव्हाही चित्रंच होती, विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासितला दोन पानं. मतदार ३,८८,४३२. मतं पडली ३,१७,६३३, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के, आजच्या मानाने भरभरून. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

आता आडवी बाटलीचा नियम लावून बघा. १,७२,१९१ म्हणजे यादीच्या ४४ टक्के! निम्म्याला पोचतच नाही. एका सबंध प्रदेशाचं भवितव्य ज्या बहुमताने ठरलं, ज्या निकालापुढे दोन्ही बाजूंनी मान तुकवली, तेवढं बहुमत तुमच्याकडे एक बिअर शॉपी बंद करायला पुरत नाही.

माझे आजोबा फुलाच्या बाजूचे होते. निकालाचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं पण मोजणीबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. हरलेल्यालाही मोजणी पटली पाहिजे, ती तशी होती.

---

आकडेमोड

@मांडवीतीर दंडवत. हा एक आकडा निवेदनाच्या पहिल्या पानावर घाला.

---

उपनगरी

पिंपरी-चिंचवडमधून. तुम्ही गावाचं बोलताय, शहरात तर हा नियम असून नसल्यासारखा आहे. "वॉर्ड" म्हणजे काय धरायचं? आमच्याकडे चार नगरसेवकांचा प्रभाग. प्रभागात मतदार तीस-पस्तीस हजारच धरले तरी महिला सोळा-सतरा हजार, त्यांच्या २५ टक्के म्हणजे चार हजार सह्या. आणि मतदानात आठ हजारांच्या वर आडवी बाटली. दुकानाचा त्रास कुणाला? समोरच्या चार सोसायट्या, शाळा आणि बसस्टॉपवर उभ्या राहणाऱ्या मुली. प्रभागाच्या दुसऱ्या टोकाच्या बाईला ते दुकान कुठे आहे हेही माहीत नाही, ती कशाला सही करेल?

मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी उत्पादन शुल्क मंत्री म्हणून विधानसभेत सांगितलं की सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. ते स्वागतार्हच. त्याच वेळी वॉर्डातल्या एकूण मतदानाच्या ७५ टक्के मतं विरोधात गेली तर चालू दुकान बंद करू असंही म्हणाले. ते वाचून आमच्या ग्रुपवर दोन दिवस वाद. ७५ टक्के कशाचे, पडलेल्या मतांचे की यादीचे? पडलेल्या मतांचे असतील तर गावापेक्षा आम्ही सुखी, यादीचे असतील तर विषय संपला. लिहिताना दोन शब्द स्पष्ट नसले की लोकांचे महिने वाया जातात.

माझी मागणी एकच, शहरात प्रभाग सोडा, दुकानापासून ठराविक अंतरातली मतदान केंद्रं धरा. मतदान केंद्रानुसार यादी तयारच असते, नवीन काही करावं लागत नाही.

---

सातबारा

@उपनगरी हे खरंच करता येण्यासारखं आहे. यादीचा भाग क्रमांक धरून हद्द ठरवता येते. बाकी शहरात लोकांना विचारायची सोय २००९ मध्येच कायद्यात केलेली आहे, क्षेत्रसभा म्हणून, नगरराज विधेयक म्हणायचे त्याला. एका किंवा लगतच्या काही मतदान केंद्रांच्या मतदारांची सभा, गावात ग्रामसभा असते तशी. कायदा झाला आणि सभा काही भरल्या नाहीत. क्षेत्रसभा असत्या तर तुमची चार सोसायट्यांची तक्रार तिथेच आली असती.

---

पेणकर

उशिरा आलो धाग्यावर. मतमोजणीचं चाललंय ते योग्यच, पण एक मुद्दा कुणीच घेतला नाही. मतदान झाल्यावर सरकारवर ते बंधनकारक आहे का? आडवी बाटलीचं एक मोठं भाग्य हे की ते बंधनकारक आहे. आमच्याकडचं सांगतो.

२१ सप्टेंबर २००८. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्र) रायगडमधल्या जमिनी घ्यायच्या होत्या, त्यातली हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावं, तिथे सरकारनेच मतदान घेतलं, जमिनी द्यायच्या की नाही. खातेदारांचं मतदान, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचं. वडील सकाळी लवकर उठून गेले होते, भात उभं होतं शेतात. लोकांनी काय मत दिलं हे गावागावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण अधिकृत निकाल जाहीर झाला नाही, अहवाल वर पाठवतो म्हणाले. कारण मतदान घेण्यामागे कुठला नियमच नव्हता, निकालाचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे भूसंपादनाची मुदत गेली आणि सेझ बारगळला, जमिनी वाचल्या, पण त्या मतदानाने वाचल्या असं कागदावर कुणी दाखवू शकत नाही.

म्हणून निवेदनात हेही असू द्या: मोजणी त्याच दिवशी, त्याच जागी, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर, आणि निकाल तिथल्या तिथे फळ्यावर लिहून. लोकांना विचारायचं तर उत्तर लोकांसमोर वाचलं गेलं पाहिजे.

---

एडिसनकर

न्यू जर्सीत राहतो, मूळचा इस्लामपूरचा. इथे टाउनशिपच्या चार्टरमध्ये नागरिकांच्या पेटिशनचे नियम असतात आणि आमच्या एडिसनला ते प्रत्यक्ष वापरलेले मी पाहिलेत, म्हणून लिहितोय. तिथलं सगळं उचलून आणा असं म्हणणं नाही, पण काही बारीक गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

इथे फॉकनर ॲक्ट म्हणून राज्याचा १९५० चा कायदा आहे. टाउनशिपमध्ये एखादा नियम करून हवा असेल तर पाच मतदारांची समिती करायची आणि सह्या गोळा करायच्या. किती? राज्याच्या असेंब्लीच्या मागच्या निवडणुकीत गावात *पडलेल्या मतांच्या* १५ टक्के. यादीच्या नाही. १० टक्क्यांच्या वर पण १५ च्या खाली असतील तरी प्रश्न मतपत्रिकेवर जातो, फक्त वेगळी खास निवडणूक न घेता नेहमीच्या निवडणुकीबरोबर. क्लार्कला सह्या तपासायला २० दिवस, त्याच्या वर नाही. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे, सह्या कमी पडल्या किंवा बाद झाल्या तर तो कारणं लेखी देतो आणि समितीला दुरुस्तीसाठी १० दिवस मिळतात. निकाल साध्या बहुमताने, पडलेल्या मतांवर. आणि लोकांनी मंजूर केलेला नियम कौन्सिलला तीन वर्षं बदलता येत नाही, बदलायचा तर पुन्हा लोकांनाच विचारायचं.

२०१९ मध्ये आमच्याकडे पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे द्यायचा घाट होता. लोकांनी सह्या जमवल्या, डिसेंबरात त्या एकाच प्रश्नावर मतदान झालं, कडाक्याची थंडी, आणि प्रचंड फरकाने पाणी टाउनशिपकडेच राहावं असा कौल आला. आमच्या मराठी मंडळातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा माणसाला नाही, प्रश्नाला मत दिलं. डिसेंबरच्या वेगळ्या निवडणुकीला लोक कमीच येतात. यादीच्या निम्म्याची अट असती तर ते मतदान कधीच पास झालं नसतं.

---

कोयनाकाठची

@एडिसनकर दादा, तुमचे ते दुरुस्तीचे १० दिवस वाचून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले.

आमच्याकडच्या पडताळणीचं सांगते. सही केलेल्या सगळ्या बायकांना एका दिवशी शाळेत बोलावलं. भांगलणीचे दिवस, रोज बुडवून आल्या. एका टेबलावर निवेदन, शेजारी मतदार यादी, बाईने आधार कार्ड दाखवायचं, पुन्हा सही किंवा अंगठा करायचा. आधारवर सासरचं नाव, यादीत अजून माहेरचं, सही बाद. निवेदनावर अंगठा आणि आता बचत गटात सही शिकली म्हणून मोठ्या कौतुकाने सही केली, जुळत नाही, बाद. एक आजी ऐंशीच्या पुढच्या, नातवाने पाठुंगळीवर आणलेल्या, त्यांच्या आधारवरच्या जन्मवर्षात घोळ. बाद. कारण लिहून मागितलं तर कागद मिळाला नाही. थोड्या सह्या कमी पडल्या आणि अर्ज निकाली. तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून करायला लागला आणि मधल्या काळात कोणी कोणी सही केली होती ती यादी दुकानापर्यंत पोचलेली होती. दुसऱ्या वेळी सहीला नाही म्हणणाऱ्या बायकांना मी बोल लावणार नाही. त्यांना त्याच घरात राहायचं असतं.

म्हणजे तीन गोष्टी इथेच निघाल्या. बाद सहीचं लेखी कारण, दुरुस्तीला मुदत, आणि सह्यांची यादी कार्यालयाच्या बाहेर जाणार नाही याची जबाबदारी एका नावाच्या अधिकाऱ्यावर.

---

सडेतोड

ताई, यादी दुकानदाराला कळायलाच नको असं म्हणताय, पण खोट्या सह्या आहेत असं त्याला वाटलं तर त्याने हरकत घ्यायची कशी? त्यालाही बाजू मांडायचा हक्क आहे. नावं झाकून ठेवली तर तो कोर्टात तेच म्हणणार.

बाकी मृत आणि परगावच्या नावांचं पटलं. तेवढं प्रामाणिकपणे सांगतो.

---

सातबारा

@सडेतोड तो हक्क पडताळणीच्या वेळी हजर राहून वापरता येईल. प्रतिनिधी समोर बसवा, अमुक क्रमांकाच्या सहीवर हरकत असेल तर तिथेच नोंदवा. यादीची झेरॉक्स हातात द्यायची गरज नाही. मतदान केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी बसतो तसंच.

---

ऊसपट्टा

आता मोजणीची अट नक्की काय लिहायची? माझ्या मते पडलेल्या मतांच्या ६० टक्के आणि शिवाय यादीच्या एक तृतीयांशाहून जास्त आडवी. म्हणजे सडेतोड म्हणतात तशी थोडक्या बायकांनी दुकान बंद केल्याची तक्रार राहणार नाही.

---

मांडवीतीर

एक तृतीयांश चालेल. ६० ला माझा विरोध. ६० लावले तर आमचा १९६७ चा कौलही पडला असता, दोन पानांना ५४ टक्के होते. पडलेल्या मतांमध्ये अर्ध्याहून जास्त एवढंच ठेवा. दोन कुलपं लावायची तर दोन्ही भक्कम नकोत, एक तरी किल्ली बाईच्या हातात राहू दे.

---

आकडेमोड

मांडवीतीर यांच्याशी सहमत. ताईंच्या उदाहरणावर लावून बघतो. १००० ची यादी, ४८० आडवी, १३० उभी. अर्ध्याहून जास्त, हो. एक तृतीयांशाहून जास्त, हो, ४८ टक्के. दुकान बंद. सडेतोड यांच्या उदाहरणावर: ३०० आल्या, १५१ आडवी. अर्ध्याहून जास्त, हो. पण हजारांच्या यादीत ३३४ पाहिजेत, १५१ आहेत. दुकान चालू. दोघांचीही शंका फिटते. आणि दुकानाच्या बाजूच्यांना आता घरी बसून भागणार नाही, कारण ३३४ चा आकडा गाठणं गावाला जमण्यासारखं आहे. त्यांनाही बायकांना बूथवर आणावंच लागेल.

---

सडेतोड

हे मामाला वाचून दाखवलं. "मग आम्हालाही प्रचार करावा लागेल" म्हणाला. ठीक आहे, करू. या अटीला माझी हरकत नाही. फक्त एकदा दुकानाच्या बाजूने निकाल लागला की लगेच सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज नको, काही वर्षं तरी तो निकालही टिकू द्या. एडिसनवाल्यांची तीन वर्षं दोन्ही बाजूंना लावा.

---

कोयनाकाठची

मान्य. दोन्ही बाजूंना तीन वर्षं.

आत्तापर्यंतचं एकत्र करून मसुदा असा होतोय, भाषा नंतर नीट करू: दुकान बंद करण्याच्या बाजूने पडलेल्या वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतं असावीत आणि ती मतदार यादीतल्या संबंधित मतदारांच्या एक तृतीयांशाहून कमी नसावीत, अर्जाची पडताळणी ३० दिवसांत आणि त्यानंतर मतदान ४५ दिवसांत व्हावं, मात्र ज्या तालुक्यांतून हंगामी स्थलांतर होतं तिथे ऑक्टोबर ते एप्रिल मतदान ठेवू नये, सही बाद केल्यास कारण लेखी द्यावं आणि दुरुस्तीसाठी १० दिवस मिळावेत, पडताळणी बायकांच्या वस्तीवर, संध्याकाळी कामावरून आल्यावर व्हावी, सह्यांची यादी बाहेर जाऊ नये, हरकत समोर बसून घ्यावी, शहरात प्रभागाऐवजी दुकानाजवळची मतदान केंद्रं धरावीत, मोजणी त्याच दिवशी जागेवर आणि निकाल जाहीर, आणि मतदान केंद्राच्या समोर शंभर मीटरमध्ये कुणी बसून राहू नये, निवडणुकीला तेवढ्या अंतरात प्रचाराला मनाई असते तसं. हे शेवटचं मी पारासाठी घातलंय.

सातबारा काका, एक विचारायचं राहिलं. नियम बदलायला वेळ लागेल, पण आमच्या शेजारच्या गावात आत्ता सह्या सुरू आहेत. जुन्याच नियमात लढायचं तर मयत नि परगावी गेलेल्यांच्या नावांचं काय करता येईल?

---

सातबारा

करता येतं आणि आधी तेच करायला पाहिजे होतं सगळ्यांनी. नावं वगळायला नमुना ७ असतो. मयतासाठी मृत्यूचा दाखला जोडायचा, तो ग्रामपंचायतीतच मिळतो. सासरी गेलेल्या मुलींनी स्वतः तिकडच्या पत्त्यासाठी नमुना ८ भरला की इकडचं नाव आपोआप निघतं, ते जास्त सोपं आणि भांडण न होणारं. बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारे) बहुधा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात, त्यांच्याकडे यादी घेऊन बसा, घरटी फिरा. हे सगळं निवेदनाच्या *आधी*. निवेदन दिल्यावर नावं वगळायला गेलात तर समोरचा प्रत्येक नावावर हरकत घेईल.

आणि २५ टक्क्यांवर थांबू नका, ३५-४० टक्के सह्या घ्या. बाद होणारच आहेत. सही घेताना आधार आणि यादी दोन्ही समोर ठेवून नाव यादीत जसं आहे तसंच लिहून घ्या, शेजारी यादीतला अनुक्रमांक. ज्या बाईने अंगठा दिलाय तिला पडताळणीला अंगठाच द्यायला सांगा, सही शिकली असली तरी.

---

कोयनाकाठची

यादी उद्या काढून घेते. भाग क्रमांकानुसार वाटून देईन, प्रत्येक आळीत दोन जणी. मसुद्यात कुणाला काही घालायचं असेल तर रविवारपर्यंत इथेच लिहा, सोमवारी टाइप करून उत्पादन शुल्क खात्याला स्पीड पोस्टाने आणि आमदारांना हाती देणार आहोत.